घरात लावायचा चपटा अँटेना: महिनाभराच्या वापरानंतर
इंदूरच्या महाराणी रोडवरील एका दुकानातून घरात लावायचा चपटा अँटेना घेतला, त्याला आता महिना झाला. दूरदर्शनने 2016 मध्ये ज्या 16 शहरांत डीव्हीबी-टी2 पद्धतीचे (मनोऱ्यावरून थेट घरच्या अँटेनावर येणारे) डिजिटल प्रक्षेपण सुरू झाल्याचे जाहीर केले, त्यांत इंदूर होते. आमच्या टीव्हीत हे प्रक्षेपण पकडणारा टी2 ट्यूनर आहे, एवढ्या भांडवलावर ही खरेदी झाली.

खोक्यावर छापलेला '200 किलोमीटर' हा पल्ला वाचून सोडून द्यावा. प्रक्षेपणाच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि इतक्या अंतरावर पृथ्वीची गोलाईच आड येते.

पहिले आठ दिवस अँटेना टीव्हीमागच्या भिंतीवर होता आणि चित्राचे सारखे चौकोन होऊन ते थिजत असे. त्या भिंतीपलीकडे आईचे लोखंडी कपाट आहे, हे ध्यानात यायला मला आठ दिवस लागले! खिडकीत आणल्यावर फरक पडला, पण खरी सुधारणा झाली ती टीव्हीच्या मेनूतील 'सिग्नल क्वालिटी'चा (सिग्नल किती स्वच्छ येतो त्याचा) आकडा पाहत अँटेना एकेक वीत सरकवल्यावर. 'स्ट्रेंग्थ', म्हणजे सिग्नलचा जोर, भरपूर असूनही भिंतींवरून परतलेल्या लहरी मूळ लहरीत मिसळल्या की क्वालिटी कोसळते. आणि 500 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 60 सेंटिमीटर लांब असल्याने वीतभर अंतरानेही हा मेळ बदलतो. प्रत्येक हालचालीनंतर चार-पाच सेकंद थांबावे, कारण आकडा मागून येतो. चपट्या अँटेनाचा पसरट भाग मनोऱ्याकडे हवा, कड नव्हे.

सोबतचा यूएसबीवर चालणारा अॅम्प्लिफायर मला निरुपयोगी वाटला. तो लावताच स्ट्रेंग्थ वाढली, क्वालिटी मात्र उतरली. सिग्नलबरोबर तो त्यात मिसळलेला नको असलेला विद्युत गोंगाटही वाढवतो, आणि 3 मीटरच्या केबलमध्ये भरून काढण्यासारखी घट मुळात नसतेच. दुकानदाराने तेवढाच भाग परत घेण्यास नकार दिला, हेही नोंदवतो.

चिकटपट्टी दुपारच्या उन्हाने सुटते. म्हणून अँटेना आता खिडकीच्या गजांपासून हातभर आत, आकाशकंदिलाच्या हुकाला सुतळीने टांगला आहे. एकाच सुतळीवर तो पंख्याच्या वाऱ्याने फिरे आणि बातम्या अर्ध्या वाक्यात थिजत; दोन सुतळ्या बांधल्यापासून तो जागचा हललेला नाही.