मांडवा ते किहीम पट्ट्यातला विकाऊ बंगला: पाहायचा तर जुलैत

अलिबाग तालुक्यात मांडव्याच्या जेट्टीपासून सासवणे, आवास, किहीमपर्यंत विक्रीला असलेले बंगले जाहिरातीत एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. चार बेडरूम, पश्चिमेला भिंतभर काच, निळा पूल, मागे नारळ आणि वर ठळक अक्षरात ‘मुंबईहून ४५ मिनिटं’. साचा एकच असल्यामुळे परीक्षणही एकत्रच करता येतं. जागा सुंदर आहे, त्यात वाद नाही. बांधकाम मात्र बहुतेक ठिकाणी समुद्राला विसरून केलेलं असतं, आणि कागद तर त्याहून जपून वाचायचे.

आधी त्या ४५ मिनिटांचं. ती फक्त पाण्यावरची, तीही वेगवान बोटीची. गेटवेच्या लाँचा पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट नेणारी रो-रो २०२० पासून सुरू आहे. ती तासाभरात पोचवते आणि समुद्र फार खवळला नसेल तर पावसातही चालते. अटल सेतूमुळे नवी मुंबईचा फेरा वाचतो, पण सेतू संपतो त्या चिरल्याच्या पुढे पेण, वडखळ, पोयनाड हाच रस्ता. शनिवारी सकाळी वडखळला सेतूवर वाचवलेला वेळ परत करावा लागतो.

आता घर. या भागातल्या जुन्या घरांना पश्चिमेला पडवी असते, कौलं खाली उतरलेली असतात आणि जूनच्या आधी झापं बांधून झड अडवली जाते. नव्या बंगल्यात नेमकी तीच बाजू काचेची, आणि वर छज्जा जेमतेम दीड फुटाचा. सरकत्या काचेच्या खालच्या पट्टीत पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती वाळूने बुजली की पाणी आत वळतं आणि लाकडी फरशी फुगते. तपासणी सोपी आहे: पट्टीत तांब्याभर पाणी ओता. मिनिटभरात बाहेरच्या बाजूने गेलं तर ठीक, तुंबून राहिलं तर बिजागरीपर्यंत सगळं पुन्हा बघा. कड्या, रेलिंग, पूलची शिडी यांवर तपकिरी ठिपके असतील तर स्टील बहुधा ३०४ किंवा त्याहून हलक्या प्रतीचं आहे. खाऱ्या हवेत ३१६ लागतं. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पातळ पत्र्या नखाने दाबल्यावर पापडासारख्या मोडल्या, तर ते युनिट किमतीत धरू नका.

खरा खर्च काँक्रीटमध्ये लपलेला असतो. खारं पाणी काँक्रीटमधून सळीपर्यंत पोचलं की सळी गंजते, गंजलेली सळी फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून टाकते. म्हणून छज्जाची खालची बाजू, गच्चीचं पॅरापेट आणि खांबांचे पाय बघायचे. सळीच्या रेषेत गेलेली चीर, तांबूस ओघळ, हातोडीने वाजवल्यावर येणारा बद्द आवाज, यातलं एक जरी आढळलं तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय पुढे बोलू नये. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ४५६ प्रमाणे, किनारी हवेत किमान एम ३० प्रतीचं काँक्रीट आणि सळीवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण लागतं. समुद्राचे तुषार थेट येत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. क्यूब टेस्टचे, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचे, कागद मागा. नसतील तर कव्हर मीटर लावून आवरण मोजून घ्या, एका दिवसाचं काम आहे. दिवाळीच्या आधी रंग दिलेला बंगला डिसेंबरात नवाकोरा दिसतो, लोणा (भिंतीवर फुटणारे क्षार) आणि ओल पुट्टीखाली गप्प बसलेली असते. जुलैत दोन दिवस सलग पाऊस पडला की भिंत स्वतःच बोलते.

पाण्याचा हिशेब मात्र मे महिन्यात करायचा. १० बाय ४ मीटरच्या, सरासरी १.३५ मीटर खोल पूलमध्ये ५४,००० लिटर पाणी बसतं, म्हणजे १०,००० लिटरचे जवळपास साडेपाच टँकर. दिवसाला ५ मिलिमीटर जरी उडालं तरी रोज २०० लिटर भर घालावी लागते. त्याच दिवसांत शेजारचे सगळे पंप चालू असतात, गोड्या पाण्याची पातळी उतरते आणि विहिरीत खारं शिरतं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. क्षार मोजायचा मीटर स्वस्त आहे, खिशात ठेवा.

कागदांतली नेहमीची मेख अशी: जाहिरातीत ‘एक एकर’, म्हणजे ४० गुंठे, आणि बिनशेती आदेश निघतो १० गुंठ्यांचा. उरलेली ३० गुंठे शेतजमीन. ती शेतकरी नसलेल्याला कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय घेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींना शेतजमीन आणि फार्महाऊस दोन्ही विकत घेता येत नाहीत. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’, म्हणजे विक्रीवर सरकारी अट असलेली जमीन, असेल तर आधी शासनाची परवानगी. ग्रामपंचायत घरपट्टी घेते म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. भूमी अभिलेखची मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात घ्या, कुंपण बऱ्याचदा हद्दीबाहेर, सुरूच्या बनात सरकलेलं असतं.

आणि सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे नियम. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र आहे, विरळ वस्तीत २००. दाट म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त माणसं. गाव कशात मोडतं हे मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर बघायचं, दलालाच्या मोबाईलवर नाही. मार्च २०१९ मध्ये किहीमला नीरव मोदीचा बंगला सुरुंग लावून पाडला, तो सीआरझेडच्याच, पण आधीच्या नियमांच्या भंगासाठी.

व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्तीचा असला की घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापायचा. विकणारा अनिवासी असेल तर हा दर चालत नाही, कर बराच जास्त कापावा लागतो आणि चुकला तर वसुली घेणाऱ्याकडून होते.

एवढं सगळं बघून आमची पसंती झिराडच्या बाजूच्या, किनाऱ्यापासून आत असलेल्या जांभ्याच्या घरांना. उतरतं छप्पर, तीन फुटांची वळचण, तुषारांपासून लांब. घरातून समुद्र दिसत नाही, एवढीच तक्रार.