क्रांतियुद्धाच्या पेन्शन फायली: काही महिने वापरल्यानंतर

अमेरिकेतल्या घराण्याचा माग १८५० च्या मागे न्यायचा असेल तर सरळ क्रांतियुद्धाच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या, पेन्शन फायलींकडे जा, असं मी आता कुणालाही सांगेन. १८५० पासूनच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव मिळतं. त्याआधी नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकीच्यांचे नुसते आकडे. माझ्या नवऱ्याच्या घराण्याचा शोध तिथेच अडला होता. घरात एवढंच माहीत, की कुणीतरी इंग्रजांविरुद्ध लढलं होतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या युद्धाच्या पेन्शनच्या आणि सैनिकांना मिळालेल्या जमिनीच्या साधारण ८०,००० फायली आहेत, आणि त्यांच्या कॅटलॉगवर त्या फुकट वाचता येतात. क्रमांकाआधीचं अक्षर बघा: एस म्हणजे स्वतः सैनिक, डब्ल्यू म्हणजे विधवा, आर म्हणजे नामंजूर. डब्ल्यू दिसलं की ती फाईल आधी उघडा. सैनिक तुकडी, कॅप्टन, लढाया सांगतो. बाईला मात्र लग्न सिद्ध करावं लागे, म्हणून ती सगळं घर सांगते: लग्न कुणी लावलं, कुठे लावलं, साक्षीला कोण होतं. दाखला नसला तर घरच्या बायबलमधलं जन्ममृत्यूच्या नोंदींचं पान फाडून अर्जाला जोडत. आमच्या फाईलमध्ये तसं पान निघालं. एक कड फाटलेली, मुलांची नावं वेगवेगळ्या शाईत, आणि एका बाळाच्या जन्माखालीच त्याच्या मृत्यूची ओळ. माझ्या सासूबाईंना आपल्या खापरपणजीच्याही आधीच्या बाईचं नाव पहिल्यांदा कळलं ते या पानावरून.

१८२० नंतरच्या अर्जांत मालमत्तेची यादीही सापडते. १८१८ च्या कायद्याने पेन्शन गरजूंनाच होतं, म्हणून दोन वर्षांनी सरकारने कोर्टात यादीच द्यायला लावली: गाय, कढई, मोडक्या खुर्च्या, देणी. देशासाठी लढलेल्या म्हाताऱ्यांना भांडीकुंडी मोजून दाखवावी लागली, याचा मला अजूनही राग येतो. १८३२ च्या कायद्याने ही अट गेली आणि सहा महिने नोकरी केलेल्या मिलिशियावाल्यांनाही (स्थानिक नागरिकांच्या फौजेतल्यांनाही) पेन्शन मिळू लागलं.

नामंजूर फाईलही सोडू नका. कित्येकांची नोकरी खरी, पण सहा महिने भरत नव्हते. मात्र नुसत्या नावावर विसंबू नका. एका नावाचे चार-चार सैनिक असतात. काउंटी (म्हणजे जिल्हा), कॅप्टन आणि बायकोचं नाव जुळलं तरच आपला माणूस म्हणा. आणि नोव्हेंबर १८०० मध्ये युद्धखात्याच्या कचेरीला आग लागून त्याआधीचे अर्ज जळाले, तेव्हा त्या काळातला कागद मिळाला नाही तर शोध सोडू नका.

आता अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या १८१२ च्या युद्धाच्या फायली घेतल्या आहेत. त्या फोल्ड-थ्री या जुन्या लष्करी कागदपत्रांच्या वेबसाइटवर फुकट आहेत. तिथेही विधवांपासूनच सुरुवात केली आहे, कारण १८७८ च्या कायद्यानंतर नवऱ्याची १४ दिवसांची नोकरी असली तरी बाईला अर्ज करता येत होता.