वायरीची एसएसडी की पट्टीची?

गेल्या दोन-अडीच वर्षांत मी तीन डेस्कटॉपना एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली. पहिला माझा, दुसरा सासऱ्यांचा, तिसरा नारायण पेठेत डीटीपीचं काम करणाऱ्या मामेभावाचा. तेवढ्या भांडवलावर ओळखीतले लोक आता मला ‘कुठली घेऊ?’ असं विचारतात. ‘घेऊ का?’ असं कोणी विचारत नाही, ते बरंच आहे. त्यावर बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

प्रश्न दोन प्रकारांतला असतो. एक साटाची (हार्डडिस्क ज्या पद्धतीनं जोडतात तीच), अडीच इंची, चपट्या डबीसारखी, दोन वायरी लागणारी. दुसरी एनव्हीएमई, मदरबोर्डावरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावरच्या, एम डॉट टू खाचेत आडवी झोपणारी. सोयीसाठी मी त्यांना वायरीची आणि पट्टीची म्हणतो. (पट्टीच्याच आकारात साटाही मिळते आणि ती प्रत्येक खाचेत चालत नाही, तेव्हा घेताना आकारावर जाऊ नका, नाव वाचा.)

आधी वेगाचं उरकून घेऊ, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. वायरीची सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटच्या आसपास थांबते, कारण साटाची मर्यादाच तेवढी आहे. तिसऱ्या पिढीची चांगली पट्टी साडेतीन हजारांपर्यंत जाते, चौथ्या पिढीची त्याच्या दुप्पट. आकडे खरे आहेत. पण घरात ते दिसतात कसे, ते सांगतो. सासऱ्यांकडे वायरीची आहे. बटण दाबून, खुर्ची ओढून, चष्मा शोधून लावेपर्यंत त्यांचा कॉम्प्युटर तयार असतो. माझ्याकडे पट्टी आहे, तो खुर्ची ओढेपर्यंत तयार होतो. म्हणजे फरक चष्म्याचा. कारण साधं आहे: विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना हजारो बारीकसारीक फायली इकडून तिकडून वाचल्या जातात, आणि या कामात खोक्यावर छापलेला वेग दोघींनाही गाठता येत नाही. तो दिसतो मोठमोठ्या फायली हलवताना, आणि तेव्हाही समोरची बाजू तितकीच वेगवान असेल तरच. जुन्या हार्डडिस्कवरून फोटो आणायचे असतील, तर हार्डडिस्क देईल त्याच गतीनं येणार, मग पुढे कोणीही बसलेलं असो.

व्हिडिओ एडिटिंगवर पोट असेल तर गोष्ट वेगळी. त्यांनी पट्टीच घ्यावी, मी मध्ये येत नाही.

आता माझ्या स्वतःच्या यंत्राकडे येतो. खाच एकच होती, आणि ती ग्राफिक्स कार्डाच्या बरोबर खाली. म्हणजे पट्टी लावायची तर कार्ड काढणं आलं. कार्ड काढायचं तर स्लॉटच्या टोकाची बारकी खिटी दाबावी लागते. माझ्याकडे ती खिटी कार्ड आणि प्रोसेसरवरचा कूलर यांच्यामधल्या अशा बोळात आहे, की तिथे बोटाचं पेरही जात नाही. शेवटी मुलीच्या कंपासपेटीतली सहा इंची पट्टी आणली आणि त्या पट्टीनं खिटी दाबली. पट्टी बसवायला पट्टी लागली, असा विनोद मी त्या वेळी घरात केला. तो पुढे माझ्यावरच उलटला.

पट्टी तिरकी घालून खाली दाबायची आणि टोकाला एक स्क्रू लावायचा, एवढंच काम. तो स्क्रू मदरबोर्डाच्या खोक्यात आलेला असतो आणि खोकं माळ्यावर असतं किंवा रद्दीत गेलेलं असतं. कॅबिनेटचे नेहमीचे स्क्रू त्याला चालत नाहीत, तो फक्त दोन मिलिमीटर जाडीचा असतो. कॉम्प्युटरच्या दोन दुकानांत ‘तो बोर्डाबरोबरच येतो हो’ हे उत्तर ऐकलं. मिळाला तो टिळक रस्त्यालगतच्या एका लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे. त्याच्याकडे तसले मूठभर होते, एकाचे पैसेही घेतले नाहीत. लक्षात ठेवा, स्क्रू लॅपटॉपवाल्याकडे.

पट्टी बसली, विंडोज चढलं, सगळं झकास. आणि जुनी हार्डडिस्क गायब. मुलीच्या जन्मापासूनचे फोटो त्या डिस्कवर. वायर सैल झाली असेल म्हणून कार्ड काढलं, वायर दाबली, कार्ड लावलं. डिस्क नाही. वायरच खराब असेल म्हणून पुन्हा कार्ड काढलं, वायर बदलली, कार्ड लावलं. नाही. तोवर रात्रीचे अकरा वाजले होते आणि फोटोंच्या बातमीची वाट पाहत बायको दारात उभी होती. मग एकदाचं मदरबोर्डाचं पुस्तक नेटवरून उतरवलं. त्यात एका तक्त्याखाली बारीक अक्षरात होतं: एम डॉट टू वापरात असेल तर साटाचे पाचवे व सहावे पोर्ट बंद राहतील. माझी हार्डडिस्क पाचव्यावर. वायर दुसऱ्या पोर्टवर हलवायची, दोन सेकंदांचं काम. फक्त तो पोर्टही कार्डाच्या हनुवटीखाली. चौथ्यांदा कार्ड काढताना खिटीचा टोकाचा तुकडा उडाला. कार्ड आता मागच्या स्क्रूच्या भरवशावर आहे.

पुस्तक आधी वाचायला हवं होतं, मान्य. अनेक बोर्डांवर अशी वाटणी असते आणि ती लपवलेली नसते. शिवाय तुमच्या बोर्डावर खाच कार्डाच्या वर असेल किंवा ग्राफिक्स कार्डच नसेल, तर हे सगळं पुराण तुम्हाला लागू नाही. तरीही माझं मत ठरलं ते त्या रात्री नाही. ते ठरलं मागच्या पावसाळ्यात.

एका सकाळी माझा कॉम्प्युटर सुरू होईना. पंखे फिरायचे आणि बंद पडायचे. अशा वेळी पहिलं काम म्हणजे एकेक वस्तू काढून बघणं. रॅम काढली, घातली. मग उरली एसएसडी, म्हणजे पुन्हा कार्ड काढणं आलं. शेवटी दोष एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या पेटीचा, निघाला, पण ते कळायला अख्खा रविवार गेला. योगायोग असा, की महिनाभरातच सासऱ्यांचा फोन आला, त्यांचाही कॉम्प्युटर असाच रुसलेला. ते सहकारनगरला, मी बाणेरला. त्यांना म्हटलं, बाबा, आधी भिंतीवरचा प्लग काढा, मग बाजूचं झाकण उघडा.

‘उघडलं. इथे डबीला दोन वायरी आहेत. लाल ओढू का, जावईबापू?’

‘टोकाशी क्लिप आहे, ती दाबून ओढा. दुसरी पण काढा. आता सुरू करून बघा.’

पंखे नीट फिरले, पडद्यावर डिस्क नसल्याचा संदेश आला. वायरी परत लावल्या आणि यंत्र सुरू झालं. विजेची वायर सैल बसली होती, एवढंच. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि पुढचे चार दिवस सोसायटीत सगळ्यांना ‘मी कॉम्प्युटर दुरुस्त केला’ असं सांगत होते.

बसवणं एकदाच असतं, त्यामुळे दोन्हींतला त्रास सोसून जातो. काढायची वेळ कधी येईल ते आपल्या हातात नसतं, आणि तेव्हा मनःस्थितीही फारशी चांगली नसते.

वायरीचीही कटकट आहे, नाही असं नाही. जुन्या कॅबिनेटमध्ये अडीच इंचाची जागा नसते. मग ब्रॅकेट आणा, किंवा सरळ दुतर्फा टेप लावून कोपऱ्यात चिकटवा. आत फिरणारं काही नसल्यानं काही बिघडत नाही. हार्डडिस्कचे जाड आट्यांचे स्क्रू तिला जबरदस्तीनं पिळू नका, तिचे वेगळे असतात. एसएमपीएसला साटाची मोकळी पिन उरली नसेल, तर जुन्या चार पिनांवरून जोडणारा स्वस्त कन्व्हर्टर मिळतो. त्यातला प्लास्टिक ओतून बंद केलेला प्रकार घेऊ नका, तसले कन्व्हर्टर तापून जळाल्याची उदाहरणं आहेत. आणि भावाच्या बाबतीत वायरीची स्वस्त पडेल ही अपेक्षा सोडा. हल्ली तेवढ्याच जागेची पट्टी कित्येकदा त्याच भावात मिळते, आणि दुकानदारही तीच पुढे करतो.

उष्णतेचं एका वाक्यात: एप्रिलच्या दुपारी मोठी फाइल हलवताना माझ्या पट्टीचं तापमान सत्तरीपार गेलेलं पाहिलं आहे, फार तापली की ती स्वतःच वेग कमी करते, आणि बाबांची डबी त्याच महिन्यात हाताला जेमतेम कोमट लागत होती.

मामेभावाच्या यंत्राबाबत निवडीचा प्रश्नच आला नाही. २०१४ मध्ये घेतलेला बोर्ड, एम डॉट टूची खाच नाही. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये कार्ड घालून पट्टी जोडता येते, पण त्या काळातल्या बहुतेक बोर्डांची बायोस (यंत्र सुरू करणारी बोर्डातली आज्ञावली) तिच्यावरून विंडोज सुरू करू शकत नाही. त्याची अट एकच होती: श्रीलिपी, जुनं पेजमेकर आणि पंधरा वर्षांच्या पत्रिका-पुस्तकांच्या फायली जागच्या हलता कामा नयेत. म्हणजे नव्यानं विंडोज टाकणं बाद, जसंच्या तसं क्लोन करणं आलं. डबी यूएसबीच्या वायरीनं बाहेरच जोडली आणि क्लोनिंग लावून दिलं. वार गुरुवार, म्हणजे पुण्यात वीजदुरुस्तीचा दिवस, आहे हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. दुरुस्तीच्या कामासाठी वीज गेली, यूपीएसनं दहा मिनिटं तग धरला आणि क्लोनिंग मध्येच तुटलं. क्लोन करताना जुनी डिस्क नुसती वाचली जाते, म्हणून नुकसान काही नाही, संध्याकाळी पहिल्यापासून सुरू केलं. झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना जुन्या डिस्कची वायर काढून ठेवली. दोन्ही एकदम लावल्या तर विंडोज घोटाळतं, दोघींची ओळख एकच असते. भाऊ म्हणाला, ‘पाचशे जीबीची घेतली ना? मग इथे चारशे पासष्ट का?’ त्याला मोजणीच्या दोन पद्धती समजावल्या: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. त्याचा चेहरा मापात फसवलं गेल्यासारखाच राहिला.

तेव्हा, नवा बोर्ड, मोकळी खाच आणि मोठ्या फायलींचं काम असेल तर पट्टी घ्या, त्यात चूक काही नाही. चार-सहा वर्षांचं यंत्र, आत ग्राफिक्स कार्ड, एक-दोन जुन्या हार्डडिस्क आणि दुरुस्तीला तुम्हीच, असं असेल तर मी वायरीकडे झुकेन. बाकी तुमचं तुम्ही बघा. माझ्या यंत्रात आजही पट्टीच आहे आणि ती उत्तम चालते. खरं सांगायचं तर ती काढायची म्हणजे सहाव्यांदा कार्ड काढावं लागेल.

पुढच्या महिन्यात मेव्हण्याच्या ऑफिसातले दोन डेस्कटॉप माझ्याकडे यायचे आहेत. त्यांच्या बोर्डांवर खाच आहे, ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे बहुधा पट्टीच लावीन. दोन साटाच्या वायरी मात्र पिशवीत टाकून ठेवल्या आहेत.