शिकागोची उपनगरं की बोल्डरची उंची?

अमेरिकेतल्या शालेय क्रॉस-कंट्रीत, म्हणजे मोकळ्या रानातल्या लांब पल्ल्याच्या सांघिक शर्यतीत, चुरस जास्त कुठे? इलिनॉयच्या वेस्ट सबर्बन सिल्व्हर कॉन्फरन्सचं, म्हणजे शिकागोच्या उपनगरांतल्या शाळांच्या गटाचं, बळ पोरांच्या संख्येत आहे. यॉर्क, हिन्सडेल सेंट्रल अशा मोठ्या शाळांत पाचवा धावपटूही तगडा असतो, आणि शर्यत तिथेच फिरते. प्रत्येक संघाचे सात धावतात, पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज होते, कमी बेरीजवाला जिंकतो. १, २, २०, २५, ३० म्हणजे ७८. ८, ९, ११, १३, १५ म्हणजे ५६. सहावा-सातवा मोजत नाहीत, पण समोरच्याच्या पाचव्याला मागे ढकलतात. प्रशिक्षक जो न्यूटन यांनी यॉर्कला २८ राज्य विजेतेपदं मिळवून दिली. शेजाऱ्यांना मग झोप कुठली!

कोलोरॅडोत बोल्डरच्या शाळा सुमारे १,६५० मीटर उंचीवर पळतात. विरळ हवेत वेळ जास्त लागतो, त्यामुळे इलिनॉयच्या तीन मैलांशी नुसत्या घड्याळावर तुलना फसते. उंचीवरच्या सरावाचा फायदा मात्र सगळ्याच शेजारच्या शाळांना, म्हणून तिथेही निकाल चौथ्या-पाचव्यावरच.