आठ महिने, एक गोळी आणि चिठ्ठीची दुसरी प्रत

शनिवारी रात्री साडेनऊला दादरच्या केमिस्टने मुलाची लक्ष टिकवण्याची गोळी द्यायला साफ नकार दिला, तेव्हा ठरवलं, तिच्या आठ महिन्यांचा अनुभव आता लिहायचाच. डबीत एकच गोळी उरलेली, सोमवारची. "दुसरी प्रत कुठाय?" मी झेरॉक्स पुढे केली. "झेरॉक्स नाही चालत साहेब, दोन्हींवर डॉक्टरांची सही पाहिजे."

चूक माझीच. ही गोळी म्हणजे मिथाईलफेनिडेट, शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या यादीतलं औषध. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार दोन वर्षं ठेवून घेतो. त्याला वेगळं लायसन्सही लागतं, म्हणून आमच्या घाटकोपरच्या नाक्यावरचे दुकानदार ती ठेवतच नाहीत. फिटची गोळी चप्पल घालून खाली उतरलं की मिळते, हिच्यासाठी मात्र दर महिन्याला लोकलने दादर. तिकीट आणि जाता-येताचा वडापाव धरून हिशोब मांडला होता, बायकोने वही काढून घेतली.

मुलगा नऊ वर्षांचा. फिटसाठी लेव्हेटिरासिटाम चालू, दीड वर्ष फीट नाही, पण वहीभर बाईंचे लाल शेरे. फीट असलेल्या मुलांत लक्षाची तक्रार बरीच आढळते, असं डॉक्टर म्हणाले आणि ही गोळी लिहून दिली. घरी येऊन मी खोक्यातला कागद वाचला. फिटचा धोका वाढू शकतो, असं त्यावर छापलेलं. पंधरा दिवस गोळी कपाटात पडून राहिली. डॉक्टरांचं म्हणणं, फीट औषधाने आटोक्यात असेल तर या गोळीने ती वाढल्याचं अभ्यासांत सहसा दिसत नाही. वारंवार फीट येणाऱ्या मुलांना मात्र जपून द्यावी लागते. तरी पहिले आठ दिवस मी त्याच्या उशाशी बसून काढले. काही झालं नाही. आजवर नाही.

फरक मला पेन्सिलीत दिसला. आधी आठवड्याला दोन पेन्सिली चावून संपायच्या. आता एकच महिना महिना टिकते, मागचा रबरसुद्धा शाबूत.

तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर शिव्याच घातल्या असत्या. संध्याकाळी सहा वाजले की आदळआपट. गोळीचा असर उतरताना असं होतं, असं ऐकलेलं, म्हणून सगळं खापर तिच्यावर फोडलं. डॉक्टरांनी डायरी ठेवायला लावली. त्यांच्याच सल्ल्याने रविवारी गोळी देत नाही, आणि आदळआपट रविवारीही तितकीच! चिडचिड लेव्हेटिरासिटामचीही असू शकते, म्हणाले, आणि त्याचा डोस जरा खाली आणला. संध्याकाळी निवल्या. म्हणजे गोळीवर फोडलेलं खापर मागे घेतो.

भुकेची तक्रार मात्र खरी. डबा जसाच्या तसा परत यायचा, वजनही थोडं उतरलं. आता गोळीआधी थालीपीठ आणि रात्री नऊला पोटभर जेवण. वजन परत आलं.

काटकसरीचा एक प्रयोग अंगाशी येता येता राहिला. दिवसभर पुरणारी गोळी महाग, म्हणून जास्त ताकदीची घेऊन अर्धी करावी म्हटलं. डॉक्टर फोनवरच ओरडले, ती मोडली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

सोमवारी शेवटची गोळी देऊन त्याला शाळेत सोडलं आणि अर्धा दिवस रजा टाकली. ओपीडीच्या रांगेत दीड तास उभा होतो. सही तीन सेकंदांत झाली.