माहिती अधिकाराच्या अर्जाला साडेतीन हजार

आम्ही कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. गल्लीतलं नवं गटार पहिल्याच पावसात ढासळलं, तेव्हा माहिती अधिकारात पंचायतीकडून कामाचं बिल आणि मेजरमेंट बुकची, म्हणजे कामाच्या मोजमापाच्या वहीची, नक्कल मागायची असं ठरवलं. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. सगळी गोची तिथंच झाली.

कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक जण बसायचा. गळ्यात कसलंतरी ओळखपत्र, बोलणं गोड. "मराठीत अर्ज घेत नाहीत वो मामा. कन्नडात मी करून देतो, आतला माणूस आपलाच आहे." दीड हजार घेतले. चार दिवसांनी पोच आणून दिली: गोल निळा शिक्का, खाली तिरकी सही. मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखाली ठेवली!

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. शंभर पानं निघालीत, पानाला वीस रुपये, दोन हजार आजच भरा नाहीतर अर्ज रद्द. डेअरीचं बिल नुकतंच मिळालं होतं, तेच दिलं.

मग फोन उचलेना. दीड महिना गेला. एका रात्री सहावीतल्या मुलीनं पोच हातात घेतली. "बाबा, ह्यात नुसतं 'स्वीकरिसलागिदे', म्हणजे 'स्वीकारलं', आणि दिनांक आहे. पंचायतीचं नाव कुठाय?"

दुसऱ्या दिवशी पंचायतीत गेलो. आवक रजिस्टरात त्या तारखेला माझं नावच नाही. अर्ज गेलाच नव्हता.

मराठीत घेत नाहीत, हे त्याचं अर्धंच खरं. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे हिंदी चालते, आणि ती तर आपल्याच लिपीत! लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्यानं मदत करायची असते. कर्नाटकात अर्जाला 10 रुपये, ए-फोर पानाला 2 रुपये. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. दारिद्र्यरेषेखालच्याला फी नाही. जास्तीचे पैसे लागले तर हिशेबासकट लेखी पत्र येतं, फोन नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

मोडक्या हिंदीत मीच अर्ज लिहिला, दहाची पोस्टल ऑर्डर जोडली, तिचा नंबर वहीत उतरवला. पोचेवर पंचायतीचं नाव आणि आवक नंबर आहे का, ते मुलीकडून तिथंच वाचून घेतलं. बाविसाव्या दिवशी पत्र आलं: नऊ पानं, अठरा रुपये.

त्या माणसाकडे पैसे मागायला गेलो, तर म्हणतो कसा, "दिल्याची पावती दाखवा की वो मामा."