स्ट्रक्चरल ऑडिटच्या नावाखाली आमच्या अपार्टमेंटला घातलेला गंडा

सोलापुरात ज्यांची बिल्डिंग १९९५ च्या आधीची आहे त्यांनी हे वाचाच, कारण आमच्याकडं येऊन गेलेला माणूस आता दुसऱ्या सोसायट्यांकडं फिरतोय असं कानावर आलंय.

३० वर्षं झालेल्या बिल्डिंगची तपासणी, म्हणजेच स्ट्रक्चरल ऑडिट, पालिकेकडं नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून सर्टिफिकेट द्यावं लागतं, महापालिका कायद्यात कलम २६५ अ आहे त्यासाठी. म्हणजे नियम खरा आहे आणि या लोकांचा धंदा त्याच्यावरच चालतो. हा माणूस कुठल्यातरी दुसऱ्याच बिल्डिंगला आलेल्या नोटिशीची झेरॉक्स घेऊन आला होता, "मालक, पुढचा नंबर तुमचाच" म्हणाला. बोलायला एकदम गोड, आमच्या सेक्रेटरी अण्णांशी तेलुगूत, वरच्या काकूंशी कानडीत. बाकीच्यांची कोटेशनं लाखाच्या पुढं आणि हा २५ हजारात तयार, मग मीटिंगमध्ये कोण नको म्हणणार.

तपासणी म्हणजे काय तर एक पोरगा रिबाउंड हॅमर घेऊन आला, पार्किंगमधल्या कॉलमवर ऑइलपेंटवरच ठक ठक केलं, वहीत आकडे लिहिले, मोबाईलवर फोटो मारले, झालं. साहेब गाडीत एसी लावून फोनवर. आता हे यंत्र काँक्रीटच्या वरच्या थराचा कडकपणा दाखवतं, त्यासाठी आधी प्लास्टर काढून जागा दगडानं घासून घ्यावी लागते, आणि एवढं करूनही ताकदीचा अंदाज २५ टक्के मागंपुढं होऊ शकतो. प्लास्टरवर मारलं तर प्लास्टरची ताकद कळणार, कॉलमची काय कळणार?

गच्चीवर तर कोणी पायच ठेवला नाही. सोलापूरकरांना सांगायला नको, काही दिवसाआड पाणी येतं म्हणून प्रत्येकानं वर आपापली जादा टाकी बसवलेली असते, आमच्याकडं मूळ आरसीसी टाकी सोडून नऊ काळ्या टाक्या आहेत आणि हजार लिटरची एक भरली की एक टन. ते वजन नेमकं कशावर बसलंय हे न बघता कसलं ऑडिट हो.

रिपोर्ट मात्र जाडजूड, स्पायरल बाइंडिंग, कलर फोटो. बिल्डिंग सी-टू-ए मध्ये टाकलेली, म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सोबतच सगळ्या कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे भोवतीनं नव्या सळया-काँक्रीटचं वेष्टण, करायचं १८ लाखाचं एस्टिमेट आणि कॉन्ट्रॅक्टर पण ह्याचाच. "पावसाळ्यात काय झालं तर माझी जबाबदारी नाही" असं सगळ्यांसमोर म्हणाला, त्या भीतीनं एका भाडेकरूनं आठवड्यात खोली सोडली आणि सोसायटीनं २ लाख ॲडव्हान्स दिला.

बिंग फुटलं ते पहिल्या मजल्यावरच्या पोरीमुळं, सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे ती. तिनं रिपोर्ट चाळला आणि विचारलं, काका आपल्याला बेसमेंट कुठाय? रिपोर्टात बेसमेंटच्या रिटेनिंग वॉलची, म्हणजे माती अडवणाऱ्या भिंतीची, रीडिंग होती! मजल्यावार कार्बोनेशन, म्हणजे हवेनं काँक्रीट किती आतपर्यंत खराब झालंय, ते किती मिलिमीटर ते पण लिहिलेलं, आणि ती टेस्ट करायला काँक्रीट फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन मारावं लागतं, चांगलं काँक्रीट गुलाबी होतं, खराब झालेलं तसंच राहतं. आमच्याकडं कुठं खिळा ठोकल्याएवढं पण भोक नाही. दुसऱ्याच बिल्डिंगचा रिपोर्ट, वर फक्त आमचं नाव. शिक्का ज्या इंजिनिअरचा होता त्यांचा नंबर पालिकेतून काढून फोन केला तर ते म्हणाले ही बिल्डिंग मी जन्मात बघितली नाही, शिक्का गेला कसा तुमच्याकडं? ते आमच्याहून जास्त तापले.

मग दुसरे इंजिनिअर आणले, पैसे बऱ्यापैकी जास्त घेतले. त्यांनी पहिल्यांदा जुनी ड्रॉइंग मागितली आणि सरळ गच्चीवर गेले. नंतर प्लास्टर काढून हॅमर, अल्ट्रासोनिक (काँक्रीटमधनं ध्वनिलहरी सोडून तपासणी), ठराविक ठिकाणी कोअर (काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढणं), सगळं आमच्या समोर, जागा खडूनं मार्क करून. निघालं काय, तर सी-टू-बी, म्हणजे घर सोडायची गरज नाही, दुरुस्ती करा. संडास-बाथरूमच्या डक्टला लागून असलेल्या तीन कॉलमच्या सळया गंजून फुगल्यात, एकीकडून डक्टची गळती, दुसरीकडून त्याकाळी बोअरच्या खाऱ्या पाण्यात केलेलं काम, क्षारानं सळई खाल्ली. आणि पहिल्यानं बोट दाखवून दाखवून घाबरवलेली ती तिरकी भेग? ती कॉलमला लागून मागाहून बांधलेल्या अर्ध्या विटेच्या भिंतीला आहे, खाली काळी माती, उन्हाळ्यात आकसते पावसात फुगते, आणि त्या भिंतीला पाया असा नाहीच. बिल्डिंगच्या सांगाड्याशी तिचा संबंध नाही. टाक्या मात्र चार उतरवायला लावल्या, त्यावरनं आता सोसायटीत वेगळीच भांडणं चालू आहेत.

तुमच्याकडं कोण आलं तर लायसन्स नंबर पालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात दाखवून घ्या आणि शिक्का ज्याचा आहे त्यालाच साइटवर उभा करा. कुठली टेस्ट किती ठिकाणी ते कोटेशनमध्येच लिहून मागा. आणि तपासणारा जर दुरुस्तीचं काम पण मीच करतो म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा, त्याला तुमची बिल्डिंग आजारीच दिसणार.

पोलिसात अर्ज दिलाय, ॲडव्हान्समधले ५० हजार कसेबसे परत आलेत. बाकीचे मागितले की फोन उचलतो, नमस्कार चमत्कार सगळं करतो आणि म्हणतो, मालक त्यातनं जीएसटी भरलाय, तो कसा परत देऊ. पावतीवर जीएसटी नंबरच नाही.